फुकट मशीन आणि दोन टक्के

प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरात दोघी जावांचं हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान आहे. वर्षाची उलाढाल ७२ लाखांच्या आसपास, जीएसटी नोंदणी झालेली, काउंटरवर क्यूआर लावलेला. लग्नसराईत गिऱ्हाईक पर्समधून कार्ड काढतं आणि यांना ‘कार्ड नाही चालत हो’ म्हणावं लागतं. आता कार्ड स्वाइप करायचं मशीन द्यायला दोन माणसं येऊन गेलीत. बँकेचा माणूस म्हणतो, महिना ४०० रुपये भाडं, विक्रीवर कमिशन साध्या क्रेडिट कार्डाला १.८ टक्के आणि वरच्या दर्जाच्या कार्डांना २.५. दुसरा एका पेमेंट कंपनीचा. तो म्हणतो, भाडं शून्य, क्रेडिट कार्डाला सरसकट २.२ टक्के. डेबिटचा दर दोघांचाही ०.९. कुठलं मशीन घ्यावं?

ताई, तुम्ही कळवलेल्या आकड्यांवर तुम्हाला बिनभाड्याचं मशीन स्वस्त पडेल, पण महिन्याला दोनशे-सव्वादोनशे रुपयांनीच. करार नीट न वाचता सही केलीत तर त्याच्या कितीतरी पट पैसे दुसऱ्या वाटेने जातील. म्हणून हिशेब आधी देते आणि मग त्या वाटा सांगते. सांगण्यासारखं त्यांच्याबद्दलच जास्त आहे.

मी २००६ साली एका बँकेत दुकानांना मशीन देणाऱ्या विभागात लागले. तेव्हा मशीन टेलिफोनच्या तारेवर चालायचं. कार्ड ओढलं की ते डायल करायचं, आणि तेवढ्यात दुकानातला फोन वाजला की सगळं मुसळ केरात. लक्ष्मी रोडवरचे जुने दुकानदार तर त्याआधीचं रोलरचं यंत्रही कपाटातून काढून दाखवायचे, कार्बनचा कागद घालून खर्रकन ओढायचं. नोकरी सोडून आता बरीच वर्षं मी दुकानांचे हिशेब आणि पेमेंटच्या भानगडी बघते. म्हणजे आधी टेबलाच्या त्या बाजूला होते, आता या बाजूला आहे.

मशीन देणारा माणूस तुम्हाला मशीन विकत नसतो हे आधी लक्षात घ्या. तो तुमच्या विक्रीतला वाटा मागत असतो. या वाट्याला कागदावर एमडीआर म्हणतात, दुकानदार सरळ कमिशन म्हणतात. तुम्ही दहा हजारांची साडी कार्डावर विकलीत आणि दोन टक्के कापले गेले, तर त्या २०० रुपयांतला सर्वांत मोठा घास ज्या बँकेने गिऱ्हाइकाला कार्ड दिलं तिच्याकडे जातो. थोडे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्याला जातात. उरलेलं मशीनवाल्याचं. गिऱ्हाइकाला विमानतळावर लाउंज फुकट आणि खरेदीवर पॉइंट मिळतात, त्याचा बराचसा खर्च या पहिल्या घासातून निघतो. म्हणून कार्ड जितकं चकचकीत, तितकं कमिशन जास्त. हिंजवडीतल्या कंपनीने साहेबाला दिलेलं कॉर्पोरेट कार्ड आणि बाहेरदेशी बँकेचं कार्ड ही त्यातली सर्वांत महागडी. अमेरिकन एक्सप्रेस घ्यायचं असेल तर त्याची मंजुरी आणि दर बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.

कुठे घासाघीस करता येते आणि कुठे नाही, तेही यावरूनच ठरतं. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. इथे कुणी ‘तुमच्यासाठी खास शून्य’ म्हणाला तर तो कायदाच तुम्हाला सवलत म्हणून विकतोय. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल २० लाखांपर्यंत होती त्यांना मशीनवर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला फार तर २०० रुपये. त्यावरच्यांना ०.९० टक्के आणि फार तर १,००० रुपये. तुम्ही दुसऱ्या गटात येता, म्हणजे दोघांनीही तुम्हाला कमाल दरच सांगितलाय. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. जी काही घासाघीस करायची ती इथेच.

(हे वाचणाऱ्यांत कुणाचं पोळीभाजी केंद्र किंवा शिवणकामाचं छोटं दुकान असेल आणि उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्यांनी डेबिटचा दर ०.४० लागलाय ना, ते करारात बघावं. फॉर्म भरणारा पोरगा उलाढालीच्या रकान्यात मनाने काहीतरी आकडा टाकतो आणि दुकान नकळत वरच्या गटात जातं. माझ्याकडे अशी तीन दुकानं आली होती.)

आता तुमचा हिशेब. महिन्याला सरासरी सहा लाखांची विक्री. त्यातली साडेतीन-पावणेचार लाख यूपीआयवर, लाखभर रोख, आणि तुमचा अंदाज असा की मशीन आलं तर सव्वा लाखाच्या आसपास कार्डावर येईल. मी १ लाख २० हजार धरते. त्यातले १० हजार रुपे डेबिट, ३० हजार बाकी डेबिट, ६० हजार साधी क्रेडिट कार्डं आणि २० हजार वरच्या दर्जाची. हा वाटा माझा अंदाज आहे, पण कर्वेनगर-कोथरूड पट्ट्यातल्या कापडाच्या दुकानाला फार चुकणार नाही.

बँकेचं मशीन: रुपे डेबिटवर काही नाही, बाकी डेबिटवर २७०, साध्या क्रेडिटवर १,०८०, वरच्यांवर ५००. झाले १,८५०. त्यात भाडं ४००, एकूण २,२५०.

बिनभाड्याचं मशीन: डेबिटवर तेच २७०, क्रेडिटच्या ८० हजारांवर सरसकट २.२ टक्क्यांनी १,७६०. एकूण २,०३०.

या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, पण तुम्ही नियमित नोंदणीवाल्या आहात, तो तुम्हाला वजावटीत परत मिळतो. म्हणून तो बाजूला ठेवला. कंपोझिशनवाल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरून वजावट न घेणाऱ्या दुकानाला मात्र तो खर्चच धरावा लागतो. शिवाय २,००० रुपयांपर्यंतच्या कार्डाच्या एकेका व्यवहारावरच्या कमिशनला जीएसटी माफ आहे. तुमच्या साड्यांना त्याचा काही उपयोग नाही, पण ब्लाउजपीस आणि परकरावर चालून जाईल.

म्हणजे सरासरी महिन्यात बिनभाड्याचं मशीन २२० रुपयांनी स्वस्त. पण दिवाळीच्या महिन्यात कार्डाची विक्री चार लाखांवर गेली आणि वाटे तेच राहिले, तर बँकेचं ६,५६७ आणि बिनभाड्याचं ६,७६७. पारडं फिरलं. दोन्ही सारखं पडायला महिन्याला साधारण २ लाख ६७ हजारांची कार्डविक्री लागते. ती बाराही महिने होणार नसेल तर भाडं भरू नका. उद्या दुसरी शाखा काढलीत आणि विक्री वाढली तर पुन्हा बसून हा हिशेब करा. असा कागद प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर करावा. शेजारच्या दुकानाचा दर विचारून काही कळत नाही, कारण शेजारच्याच्या गिऱ्हाइकांची कार्डं वेगळी.

एवढं झाल्यावर बिनभाड्याचं मशीन विकायला आलेल्या त्या पोराला विचारा, ‘भाडं शून्य’ कधीपर्यंत? इथेच पहिली गोम असते. बऱ्याच करारांत महिन्याला अमुक इतकी विक्री मशीनवर झाली तरच भाडं माफ असतं. आषाढात तुमच्या दुकानात माशा मारायची वेळ येते, त्या महिन्यात भाडं लागणार. कुठे पहिले सहा महिने फुकट आणि पुढे भाडं चालू. कुठे ‘बसवण्याचा खर्च’ म्हणून सुरुवातीलाच रक्कम घेतात. कुठे मुदतीआधी मशीन परत केलं तर दंड. एका ओळखीच्या गृहस्थांनी सिंहगड रोडवरचं दुकान बंद केलं, मशीन पिशवीत घालून कपाटावर ठेवलं आणि विसरले. सव्वा वर्षाने खातं बघितलं तर दरमहा भाडं कापून जात होतं, कारण परत केल्याची लेखी पावती नव्हती. कंपनीचं म्हणणं, मशीन तुमच्याकडेच आहे की. कागदावर ते बरोबरच होतं. म्हणून मशीन परत करताना त्यावरचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या आणि भाड्याचा ऑटो-डेबिट मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, बँकेतून बंद करा.

दुसरा प्रश्न, दर बदलायचा हक्क कुणाकडे? बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कंपनी सूचना देऊन दर बदलू शकते. सूचना म्हणजे ईमेल, आणि तो ईमेल ज्या पत्त्यावर जातो तो फॉर्म भरणाऱ्या पोराने बनवून दिलेला असतो, तुम्ही कधी उघडलेला नसतो. स्वतः रोज बघता तोच पत्ता द्या. तिसरा प्रश्न, ‘सरसकट’ म्हणजे खरंच सरसकट का? परदेशी आणि कॉर्पोरेट कार्डं त्यात धरलीत की नाहीत, ते लेखी मागा. ‘मॅडम, सगळं आलं त्यात’ या वाक्याला किंमत नाही. मी स्वतः ते वाक्य शंभरदा म्हटलंय.

आता तुमच्या क्यूआरबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात एक ओळ होती: ‘क्यूआर फुकट असतो ना, मग मध्ये एकदा १२ हजारांतले दोनशेच्या वर का कापले?’ ते पैसे बहुधा गिऱ्हाइकाने यूपीआय ॲपमधून रुपे क्रेडिट कार्डाने दिलेले असणार. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. स्कॅन तेच, आवाज तोच, पण पैसे बचत खात्यातून न येता क्रेडिट कार्डातून येतात. छोट्या दुकानदारांना अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर कमिशन नाही, त्यावरच्यावर आहे. गिऱ्हाईक काउंटरवर सांगत नाही आणि सांगायचं कारणही नाही. महिनाअखेरीच्या विवरणात तो व्यवहार वेगळा दिसतो, तिथे बघा. याचा एक फायदाही आहे. क्रेडिट कार्डवाल्या गिऱ्हाइकांतली काही आजही मशीनशिवाय तुमच्याकडून खरेदी करू शकतायत. मात्र त्यासाठी क्यूआर दुकानाच्या नावाचा, व्यापारी म्हणून नोंदवलेला हवा. जाऊबाईंच्या बचत खात्याचा घरगुती क्यूआर चिकटवलेला असेल तर त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही, आणि हिशेबाचाही विचका होतो.

नाव आणि कागद यांचा घोळ हे अर्ज अडकण्याचं पहिलं कारण. शॉप ॲक्टवर एक नाव, दुकानाच्या पाटीवर दुसरं, जीएसटीवर तिसरं आणि चालू खातं चौथ्याच नावाने. मशीनवाला येऊन दुकानाचा पाटीसकट फोटो काढतो, आत मालाचा फोटो काढतो, आणि वर बसलेला माणूस तो कागदाशी ताडून बघतो. पाटीवर नुसतं लाडकं नाव आणि कागदावर ‘एंटरप्रायझेस’ असेल तर आठ-दहा दिवस गेलेच म्हणून समजा. एकाच मालकाच्या नावचं दुकान असेल तर लागतात ते कागद असे: मालकाचं पॅन आणि आधार, दुकानाच्या नावचे दोन पुरावे (शॉप ॲक्टची नोंद, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र यांपैकी), चालू खात्याचा रद्द केलेला चेक, जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल. तुम्ही दोघी मिळून दुकान चालवता असं लिहिलंय, पण नोंदणी एकीच्याच नावाने असेल तर कागदोपत्री ते एकीचंच दुकान आहे. पैसे त्याच नावच्या खात्यात जाणार. दोघींची भागीदारी खरी असेल तर भागीदारीपत्र करून फर्मचं स्वतंत्र पॅन काढा आणि मगच मशीनचा अर्ज करा. नंतर बदलायचं म्हणजे नवं खातं, नवा जीएसटी, नवं मशीन. जावाजावांमधलं प्रेम टिकवायलाही हे बरं असतं, पण ते माझं खातं नाही.

अर्जात धंद्याचा प्रकार काय टाकलाय ते स्वतः बघा. त्यावरून तुमच्या दुकानाला चार आकडी कोड मिळतो. बेकरीचा ५४६२, दागिन्यांचा ५९४४ असे ते कोड असतात. कोडावरून जोखीम ठरते, कधी दर ठरतो, आणि गिऱ्हाइकाच्या कार्डावर सवलत लागू होते की नाही तेही. घाईत कुणीतरी भलताच कोड टाकतो आणि पुढे एखादा मोठा व्यवहार ‘तुमच्या धंद्याशी जुळत नाही’ म्हणून अडवून ठेवला जातो.

पैसे खात्यात कधी येतात? साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. शनिवार-रविवारची विक्री सोमवारी-मंगळवारी दिसेल, दिवाळीच्या सुट्ट्यांत आणखी लांबेल. तेवढ्या दिवसांत विणकराला द्यायचे पैसे हाताशी ठेवा. त्याच दिवशी पैसे देण्याची सोय बरेच जण देतात, पण ती वेगळे पैसे घेऊन, आणि कधीकधी फॉर्ममध्ये आधीच टिक केलेली असते. तिथे खूण नाही ना, ते बघा. काही मशीनवर रात्री दुकान बंद करताना ‘सेटलमेंट’ दाबावं लागतं. नाही दाबलं तर पैसे येतच नाहीत आणि दुकानदार बँकेला शिव्या देत बसतो. हल्लीची बहुतेक मशीनं आपोआप करतात, तरी बसवायला येईल त्याला विचारून घ्या.

हिशेबात एक चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की वेगळं सांगते. दहा हजारांची साडी कार्डावर विकली, खात्यात जमा झाले ९,७८८. दुकानदार वहीत विक्री ९,७८८ लिहितो. नाही हो. विक्री दहा हजारच, जीएसटीही दहा हजारांच्या बिलावरच, आणि १८० रुपये कमिशन हा खर्च, ३२ रुपये त्यावरचा जीएसटी. विक्री कमी दाखवल्यासारखी होते ती अशी, आणि वर्षाअखेरीस बँकेचे आकडे, जीएसटीचे आकडे आणि वही यांचा मेळ बसत नाही. मशीनवाल्याला तुमचा जीएसटी क्रमांक दिलाय ना, तेही बघा. दिला नसेल तर त्याने कापलेला कर तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे वजावटीच्या मासिक विवरणात, दिसणारच नाही आणि वजावट बुडेल.

आयकराची बाजूही धरा. तुम्ही अनुमानित उत्पन्नावर, म्हणजे ज्याला सगळे ४४एडी म्हणतात त्या पद्धतीने विवरण भरत असाल, तर रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के उत्पन्न धरतात. म्हणजे जी लाखाची रोख विक्री कार्डावर गेली, तिच्यामागे करपात्र उत्पन्न दोन हजारांनी कमी. कमिशन भरून निघत नाही, पण पारड्यात थोडं वजन पडतं. तुमच्या सीएंना विचारून ठरवा.

कमिशन गिऱ्हाइकाकडून घ्यावं का? ‘कार्डाने दिलं तर दोन टक्के जास्त’ असं सांगणारी दुकानं पुण्यात आहेत, हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. डेबिट कार्डावर असं घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि मशीनच्या करारांतही एमडीआर गिऱ्हाइकावर टाकायचा नाही असं असतं. तक्रार झाली तर मशीन जातं. त्यापेक्षा हा खर्च किमतीत धरा. पंधरा-वीस टक्के नफ्यावर विकल्या जाणाऱ्या साडीत दोन टक्के बसतात. ज्या मालात बसत नाहीत, उदाहरणार्थ तुम्ही विणकराच्या वतीने जेमतेम नफ्यावर विकता त्या पैठण्या, त्यांचे पैसे साध्या यूपीआयने किंवा बँक ट्रान्सफरने मागा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका खरेदीपोटी रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. लग्नाच्या मोठ्या खरेदीत हे विसरू नका.

काउंटरवर रोज घडणारी भानगड म्हणजे ‘माझे पैसे कापले गेले’ आणि मशीनवर ‘डिक्लाइन’. मागे गर्दी, पुढे नवरीची आई. नियम साधा आहे. मशीनमधून यशस्वी व्यवहाराची पावती आली नाही तर पैसे मिळाले नाहीत, मग गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कितीही मेसेज येवोत. साडी द्यायची नाही. पण गिऱ्हाइकाला हेही सांगा की असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हे एका कागदावर छापून काउंटरवर चिकटवलंत तर निम्मी भांडणं मिटतील.

माल परत आला तर? त्याच दिवशी, सेटलमेंटच्या आधी असेल तर व्यवहार ‘व्हॉइड’ करा, म्हणजे तो झालाच नाही असं होतं. नंतर असेल तर ‘रिफंड’ त्याच कार्डावर करा. त्याला काही दिवस लागतात आणि आधी कापलेलं कमिशन बऱ्याच करारांत परत मिळत नाही, ते विचारून ठेवा. कार्डावर घेतलेल्या साडीचे पैसे रोख परत कधीही देऊ नका, कितीही गळ घातली तरी. कार्ड चोरीचं निघालं तर साडी तुमच्याकडे, रोख त्याच्याकडे, आणि बँक पैसे तुमच्याकडून काढून घेणार.

बँकेने असे पैसे मागे ओढणं म्हणजे चार्जबॅक. दुकानात चिपचं कार्ड घालून गिऱ्हाइकाने स्वतः पिन दाबला असेल तर ‘मी केलाच नाही’ ही तक्रार सहसा टिकत नाही. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘दाखवला तो दिला नाही’ या तक्रारी मात्र तरीही येतात, आणि काही महिन्यांनीही येतात. तुमच्या धंद्यात याची खास शक्यता आहे, कारण तुम्ही आगाऊ घेऊन मागणीप्रमाणे साडी विणून आणता. बिलावर रंग, काठ, द्यायची तारीख आणि ‘आगाऊ परत मिळणार नाही’ हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या, आणि साडी नेताना पोच घ्या. बँकेचं पत्र आलं की उत्तराला थोडेच दिवस असतात. उत्तर दिलं नाही तर तुम्ही हरलात असंच धरतात. मशीनची पावती उष्णतेच्या कागदावर असते, पुण्याच्या उन्हाळ्यात तर लवकरच कोरी होते. रोज रात्री त्या दिवसाच्या पावत्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

अमेरिकेतल्या भाचीने फोनवर साडी ठरवली आणि व्हॉट्सॲपवर कार्डाचा नंबर पाठवला, असंही होणार. तो नंबर घेऊ नका, लिहून ठेवू नका, मेसेज पुसून टाका. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचे तपशील साठवायला बंदी आहे. तिला पेमेंट लिंक पाठवा. त्यासाठी परदेशी कार्डांची सोय वेगळी मागून चालू करावी लागते आणि दर जास्त असतो. शिवाय समोर नसलेल्या कार्डाच्या व्यवहारात फसवणूक निघाली तर झळ बरेचदा दुकानालाच लागते. भाची खरी भाची असेल तर ठीक. अनोळखी ‘भाची’ एकदम दहा पैठण्या मागवते आणि कुरियर भलत्याच पत्त्यावर करा म्हणते, तेव्हा थांबा.

आता लोक कसे फसवतात ते थोडक्यात. ‘मशीन अपडेट करायला आलोय’ म्हणून येणाऱ्याला मशीन हातात देऊ नका. कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा, नाहीतर मशीन बदलून तो दुसऱ्याच्या खात्याला जोडलेलं ठेवून जाईल. क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवण्याचाही हाच प्रकार. रिफंडसाठीचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो, तो बदला आणि दोघींपैकी एकीकडेच ठेवा. पाच हजारांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून पिनशिवाय व्यवहार होतो, तेव्हा रक्कम टाकून मशीन आधी गिऱ्हाइकाला दाखवा, मग टेकवू द्या. आणि कुणी ओळखीचा येऊन म्हणेल, ‘पन्नास हजार स्वाइप करा, मला रोख द्या, दोन टक्के तुम्हाला.’ हे क्रेडिट कार्डावर सरळ बेकायदेशीर आहे, सापडलात तर मशीन बंद आणि नाव काळ्या यादीत. डेबिट कार्डावर दुकानातून रोख देण्याची अधिकृत सोय वेगळी आहे, ठरावीक मर्यादेपर्यंतच, आणि तीही बँकेने तुमच्या मशीनवर चालू करून दिली असेल तरच.

मशीन लागून चार-सहा महिने झाले की कंपनीचा फोन येईल: तुमची विक्री बघून पाच लाखांचं कर्ज मंजूर आहे, हप्ता रोजच्या सेटलमेंटमधून कापू. ते वाईटच असतं असं नाही, पण रोजच्या कापणीमुळे व्याजाचा दर डोळ्यांना दिसत नाही. वार्षिक दर लेखी मागा आणि तुमच्या सहकारी बँकेच्या कॅश क्रेडिटशी, म्हणजे धंद्यासाठीच्या उचलीच्या खात्याशी, ताडून बघा.

तक्रार आधी मशीनवाल्याकडे लेखी करा, तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. क्रमांक नसेल तर लोकपालही काही करू शकत नाही. फोनवर केलेली आरडाओरड तक्रार धरली जात नाही.

सही करण्याआधी एक काम मात्र दुकानातच करा. मशीनमध्ये ज्या कंपनीचं सिम येणार आहे त्याच कंपनीचा मोबाइल घेऊन काउंटरवर, आतल्या खोलीत आणि दाराशी उभ्या राहा आणि नेटवर्क बघा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींमुळे आणि तुमच्यासारख्या इमारतीच्या पोटातल्या गाळ्यात हे फार छळतं. गणपतीत लोकांचे लोंढे आले की तर विचारूच नका. वायफाय आणि दोन सिम घेणारं मशीन मागा, ते बिनभाड्याच्या योजनेत बसतं का ते त्या पोराला विचारा. नाही म्हणाला तर वरचा २२० रुपयांचा हिशेब विसरा आणि बँकेचं घ्या.